कागदाला हात लावायचा नाही

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे वाक्य मी संधी मिळेल तिथे बोलते, आणि संधी मिळाली नाही तर ती काढते. माझे विद्यार्थी त्याची नक्कल करतात, तेही मला ठाऊक आहे. करावी, पण चांगली करावी. आवाज थोडा जाड हवा.

पोटासाठी मी दोन कामं करते. आठवड्याचे तीन दिवस दादरच्या एका लहानशा कलाविद्यालयात स्थिरचित्र शिकवते. म्हणजे टेबलावर घागर, दोन वांगी आणि चुरगळलेला पंचा मांडते आणि पोरांना म्हणते, 'बघा.' उरलेले दिवस शाळांमधून शेवटच्या बाकावर काढते. पुढे चित्रकलेचे शिक्षक होऊ घातलेल्यांना खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर सरावाचे पाठ घ्यावे लागतात, आणि मी मागे बसून वहीत शेरे लिहायचे असतात. बारा वर्षांच्या मुलाच्या मापाने केलेल्या बाकात पन्नाशी उलटलेल्या बाईने पस्तीस मिनिटं बसून दाखवणं हासुद्धा एक कलाप्रकार आहे. त्याचा डिप्लोमा अजून निघालेला नाही.

या भावी शिक्षकांना मी पुष्कळ गोष्टी सांगते, आणि त्यातल्या बऱ्याचशा ते जिना उतरेपर्यंत विसरतात. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. त्याचा हत्ती उंदरासारखा होऊ दे, त्याची आई दारापेक्षा उंच होऊ दे. कागद त्याचा, पेन्सिल त्याची, चूकही त्याची. तोंडाने विचारा. फळ्यावर काढून दाखवा आणि दाखवून झालं की पुसून टाका. मग वर्गात फेरी मारताना ते फळा पुसायचं डस्टर दोन्ही हातांनी पाठीमागे धरा. हात मोकळे राहिले की ते मुलाच्या कागदाकडे जातातच, हे मी तीस वर्षं बघत आले आहे. त्यामुळे आमचे विद्यार्थी बाकांमधून असे फिरतात, जसे काही लग्नाच्या हॉलमध्ये मुलीचे मामा. साडी असो की पँट, मागच्या बाजूला खडूची पांढरी पट्टी ठरलेली. एका शाळेतल्या शिपायाने मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, तुमची पोरं जमिनीवर बसून शिकवतात काय?"

जिची ही गोष्ट, ती आमच्याकडे आली तेव्हा चौतीस वर्षांची होती, वर्गातली सगळ्यांत थोरली. राहायची करी रोडला. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात मागच्या अंगाला जुन्या भाडेकरूंची जी इमारत असते, तिच्यात बाविसाव्या मजल्यावर. घरात नवरा, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंशी तिचा करार झाला होता. "दोन वर्षं माझे गुडघे तुझे," असं त्या म्हणाल्या होत्या. "त्यापुढे ते माझे." म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा झाला तर झाला. नापास होऊन तिसऱ्या वर्षी पुन्हा बसण्याची सोय घरात नव्हती.

वर आणखी एक गोष्ट होती. परळच्या ज्या मराठी शाळेत ती सरावाचे पाठ घ्यायची, तिथले चित्रकलेचे सर त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते. शाळेच्या मोठ्या बाईंना ही आवडली होती. "जूनमध्ये डिप्लोमा हातात घेऊन ये, तास तुझेच," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हा तिचं सगळं एका पाठावर येऊन ठेपलं होतं. वर्षाच्या शेवटी बाहेरगावचे परीक्षक येतात, त्यांच्यासमोर एक पाठ घ्यायचा असतो, तो.

मला तिची काळजी नव्हती. पहिल्या दिवसापासून तिचा हात बघून मी खूश होते. रेघ अशी सरळ, न घाबरता मारायची की बाकीची विशीतली पोरं मान वळवून बघायची. "कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

"कुठेच नाही मॅडम. जर्नलं काढून काढून."

मग कळलं. लग्न होऊन चाळीत आल्यापासून ती तिथल्या सगळ्या पोरांची चित्रं काढून देत होती. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या वह्यांतल्या आकृत्या, पाचवीचं 'माझे गाव', तिसरीचं 'आवडता पक्षी', सहलीचा तक्ता, पाणी वाचवाचं पोस्टर. रविवारी संध्याकाळी तिच्या दारात रांग लागायची. कोणी बदल्यात वाटीभर माशाचं तिखलं आणून द्यायचं, कोणी नुसतंच "वहिनी, तुमच्यामुळे वाचलो" म्हणायचं. चाळ गेली, टॉवर आला, तरी रांग लिफ्टने वर येऊ लागली. पचनसंस्था तर ती डोळे मिटून काढायची. मला वाटलं, चला, सराव तरी झाला बाईचा.

त्या सरावाने पुढे माझं नाक कापलं जाणार होतं, हे मला कसं कळणार?

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिने परळच्या शाळेत सहावीच्या वर्गावर पाठ घेतला. विषय 'बसथांबा'. डोळ्यांसमोर वस्तू न ठेवता आठवणीतून काढायचं चित्र. मागच्या बाकावरून मला ती डस्टर पाठीशी धरून फिरताना दिसत होती. अधूनमधून ती कोणाच्या तरी बाकाशी वाकायची, तिची पाठ माझ्याकडे व्हायची, पुन्हा उठायची. तास संपल्यावर सत्तावीस कागद माझ्या हातात आले आणि मी चाटच पडले. एरवी अशा वर्गात सत्तावीस मुलं एकच बस काढतात, कारण सगळे एकमेकांचं बघून काढतात. इथे एकेक बस वेगळी. एकेक रेघ पोरकट, वेडीवाकडी, जिवंत. मी तिला वहीत 'उत्कृष्ट' असा शेरा दिला. हा शब्द मी इतका कमी वापरते की लिहिताना 'ष' की 'श', यावर थांबले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण नाही. मी त्यातली सात चित्रं निवडली, कॉलेजात नेली आणि सगळ्या भावी शिक्षकांना बसवून पाऊण तास व्याख्यान दिलं. एका चित्रात बसचं मागचं चाक अर्धवट सोडलेलं होतं. मी त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा. हे चाक या मुलाने पूर्ण केलं नाही. का? कारण बस सुटत होती! त्याला ते फिरताना दिसलं. मोठा माणूस असं काढू शकत नाही. तुम्ही नाही, मी नाही. रेघ बघून हात ओळखायला शिका. मी रेघ बघून मुलाची इयत्ता सांगते."

ती पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मी मनात म्हटलं, किती विनयी आहे.

वर्ग सुटल्यावर ती दारात उभी राहिली. हातात पिशवी, पायात चपला घातलेल्या, पण जाईना.

"काय गं?"

"मॅडम, ती बस माझी."

"कुठली बस?"

"चाक राहिलेली. तुम्ही फिरतंय म्हणालात ती." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "चाक फिरत नव्हतं, मॅडम. तुम्ही मागून बघताय असं वाटलं म्हणून मी हात काढून घेतला."

मी खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे तू त्याच्या कागदावर..."

"तो रडायला आलेला. त्याला चौकोन मारता येत नव्हता. पोरगं असं बघायला लागलं ना, की माझा हात जातो. वर्षानुवर्षं तेच केलंय."

"पण ती रेघ तर पोराची आहे!"

"सहावीचा हात आहे तो," ती म्हणाली, जसं एखादी म्हणेल की हा सुती धागा आहे. "चाळीत चांगलं काढून दिलं की शाळेत बाई ओरडायच्या, घरच्यांनी काढलं म्हणून. मग मी इयत्तेप्रमाणे काढायला लागले. तिसरीची रेघ दाबून येते, कागद मागून उठतो. पाचवीची मुलं खोडतात फार, म्हणून आधी थोडं खोडून घ्यायचं. सहावीची घाबरतात, त्यांची रेघ तुटक."

मी ती सात चित्रं टेबलावर पसरली. स्वतःच्या फजितीची मोजदाद करायची हौस आमच्या घराण्यातच आहे.

"ही मांजर?"

"माझी."

"हा कंडक्टर? याच्या डोळ्यांवर मी दहा मिनिटं बोलले."

"डोळे माझे. टोपी त्याची."

"आणि हा एक पाय लांब असलेला माणूस?"

"तो त्याचाच, मॅडम," ती घाईने म्हणाली. "पूर्ण त्याचा. शप्पथ."

सातांत एक. तीस वर्षांच्या नजरेच्या वाट्याला एक पाय लांब असलेला माणूस आला.

मी चिडले. शिस्त मोडली म्हणून चिडले, असं मी तिला सांगितलं आणि तासभर स्वतःलाही पटवलं. शेरा खोडला आणि तिला म्हटलं, पुढच्या वेळी असं दिसलं तर मीच तुला नापास करीन, परीक्षकांची वाट बघणार नाही. ती हळूच म्हणाली, "एक विचारू? एवढं काय होतं हो त्याने? पोराचं चित्र जरा बरं होतं. घरी जाऊन आईला दाखवतो. आई खूश होते."

यावर पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, ते मी दिलं. खरं उत्तर दिलं नाही. ते आमच्या लालबागच्या घरात भिंतीवर टांगलेलं आहे.

सातवीत असताना मी शाळेत एक चित्र काढलं. तांब्या आणि तीन कांदे. माझा तांब्या भोपळ्यासारखा झाला होता. आमचे चित्रकलेचे मास्तर आले, "सरक" म्हणाले, माझ्या जागेवर बसले आणि पाच मिनिटांत तांब्या उभा करून गेले. पितळेवर खिडकीचा उजेड असा पाडला की हात लावला तर थंड लागेल. चित्राला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका गोदामावर वॉचमन होते, त्यांनी ते काचेच्या फ्रेममध्ये घालून आणलं आणि देवाच्या शेजारी लावलं. त्या चित्रावरूनच ठरलं की मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात जाणार. घराण्यातली पहिली. चाळीस वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई त्या फ्रेमसमोर नेते, काचेवर बोट टेकवते आणि मालवणीत म्हणते, "ह्यां आमच्या चेडवान काढलां," म्हणजे आमच्या मुलीने. आई बुटकी. तिचं बोट खालच्या कोपऱ्यापर्यंतच पोचतं. तिथे काचेवर तेलकट डाग पडतो, तो दर दिवाळीला मी पुसते. आणि पुसताना दर दिवाळीला मला तो उजेड दिसतो, जो माझा नाही. त्यानंतर मी शेकड्यांनी तांबे रंगवले, पण उजेडाशी आले की अजून वाटतं, कोणीतरी 'सरक' म्हणेल.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

तर, शेवटच्या पाठाला तीन महिने होते आणि माझ्या सर्वांत चांगल्या हाताच्या विद्यार्थिनीला मला हात न चालवायला शिकवायचं होतं. मी तिला घरी सराव दिला. मुलगा चित्र काढायला बसला की समोर बसायचं, आणि हाताला दुसरं काम द्यायचं. तिने लसूण सोलायला घेतला. आठवड्याने तिने येऊन सांगितलं की घरात पाव किलो लसूण सोलून पडलाय, नवरा म्हणतो शेजारी तोंड फिरवतात, पण मुलाने स्वतः एक विमान काढलंय.

"कसं आहे?"

"भयंकर, मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी चहा मागवला.

रविवारची रांग तोडणं त्याहून अवघड गेलं. तिने सगळ्यांना सांगितलं, आता काढून देणार नाही, पोरांना माझ्याकडे पाठवा, बसवून शिकवीन. इमारतीत गहजब झाला. शिकायला गेली आणि शिष्ट झाली, असं लिफ्टमध्ये तिच्यादेखत बोललं गेलं. अठराव्या मजल्यावरची बाई तर दारात बसूनच राहिली. "असं काय करता वहिनी, नुसतं हृदय काढून द्या. झडपा तो करेल."

तिने हृदय दिलं नाही. मुलाला बोलावलं. त्याने काढलेलं हृदय बटाट्यासारखं होतं, पण झडपा बरोबर होत्या, म्हणाली.

शेवटचा पाठ मार्चमध्ये झाला. तीच शाळा, तोच सहावीचा वर्ग. परीक्षक निवृत्त गृहस्थ, पांढरा सफारी, बोलणं एकदम छापील. चहा फुंकून पीत होते आणि कोणताही कागद हाताच्या अंतरावर धरून, एक डोळा बारीक करून बघत होते. येताना जिन्यातच मला म्हणाले, "पाठाच्या शेवटी चित्रं पूर्ण झालेली दिसली पाहिजेत, बाई. अपूर्ण चित्र म्हणजे अपूर्ण पाठ." मी मान डोलावली. माझ्या छातीत मात्र त्या मुलाने काढलेलं हृदय होतं, बटाटा.

विषय होता 'डबा खायची सुट्टी'. तिने गप्पा मारल्या, फळ्यावर झपाझप दोन मुलं बसलेली काढली, पुसली, डस्टर पाठीमागे घेतलं आणि फिरू लागली. सगळं तिच्या टाचणात, म्हणजे आधी लिहून दिलेल्या पाठाच्या आराखड्यात होतं तसंच. पंधरा मिनिटं मी निवांत होते. मग मला खिडकीजवळच्या मुलीचा कोरा कागद दिसला. परीक्षकांनाही दिसला. ते जाऊन तिच्या मागेच उभे राहिले.

आमची विद्यार्थिनी तिथे पोचली.

"काय गं, काढत नाहीस?"

"येत नाही."

"डबा कुठे बसून खातेस?"

"मागच्या जिन्यात. बोंबील असले की या मुली वास वास करतात."

"वास येतोच!" मागून एक आवाज. वर्ग हसला. ती मुलगीही हसली.

"मग जिना काढ."

"जिना तर मुळीच येत नाही. बाई, तुम्हीच काढून द्या ना." आणि मग तिने पुढच्या बाकावरच्या मुलाकडे हात केला. "त्या दिवशी याला बस दिलीत की काढून!"

परीक्षकांनी चष्मा नीट केला. डस्टर धरलेली तिची बोटं मला मागून स्वच्छ दिसत होती. उजवा हात सुटला. डस्टर एका हातात राहिलं, मोकळा झालेला उजवा हात पुढे गेला, बाकापर्यंत गेला, आणि तिने तो मुलीच्या पेन्सिलीशेजारी बाकावर पालथा ठेवला. मला वाटलं, संपलं.

"किती पायऱ्या आहेत?" तिने विचारलं.

"कुठे?"

"तुझ्या जिन्याला."

"मोजल्या नाहीत."

"रोज बसतेस आणि मोजल्या नाहीस? जा, मोजून ये."

मुलगी परीक्षकांकडे बघत उठली आणि पळाली. परीक्षा चालू असताना, भर पाठात, मूल वर्गाबाहेर. हे कुठल्याही टाचणात नसतं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. ही कार्टी जिना मोजत होती की बांधत होती, कोण जाणे.

ती धापा टाकत आली. "सतरा! आणि एक तुटलीय, मधली. मी तिच्यावरच बसते, बाई, खळगा आहे ना!"

"मग?" एवढंच ती म्हणाली आणि हात परत मागे नेला.

मुलीने पेन्सिल उचलली. कागदाच्या तळापासून पायऱ्या काढायला लागली. एकावर एक, मोठी, बारकी, एक डावीकडे घसरलेली. ओठ हलत होते, मोजत होती. घंटा झाली तेव्हा ती सोळाव्या पायरीवर होती. मूल नाही, डबा नाही, बोंबील नाहीत. सोळा पायऱ्या आणि मध्ये एक खळगा, बशीएवढा.

मुलं गेल्यावर परीक्षकांनी तो कागद हाताच्या अंतरावर धरला. "हे अपूर्ण आहे."

"हो सर," ती म्हणाली.

"आपण मुलीला जिना दाखवू शकला असता."

"तिचा जिना मला माहीत नव्हता, सर. घरी तर मी लिफ्टने येते-जाते."

ते हसले नाहीत. त्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "ती मुलगी बसविषयी काय म्हणाली, बाई? या विद्यार्थिनीला मुलांची चित्रं स्वतः काढून देण्याची सवय आहे का? तसं असेल तर आजचा पाठ केवळ परीक्षेसाठी केलेलं नाटक ठरेल. मला उत्तीर्ण करता येणार नाही."

दोन उत्तरं होती. एक, 'पोरीला काय कळतंय, सर.' ते सोपं होतं आणि माझी लाजही राखणारं होतं. दुसरं उत्तर देण्याआधी मी उठून उभी राहिले, कारण त्या बाकात बसून ते देता आलं नसतं.

"सवय होती," मी म्हटलं. "आणि ती इतकी चांगली होती की मला कळली नाही. तिने काढलेल्या बसवर मी वर्गात पाऊण तास बोलले, ही मुलाची रेघ म्हणून. सातांतली सहा चित्रं मी चुकीची ओळखली. तिने स्वतः येऊन सांगितलं, नाहीतर मी आजही ती दाखवत फिरले असते. आज तिने हात घातला असता, तर तुमच्या हातात सतरा पायऱ्यांचा पूर्ण जिना असता, वर बसलेली मुलगी आणि डब्यात बोंबीलसुद्धा. आणि तुम्ही म्हणाला असता, वा."

"मी ओळखलं असतं," ते म्हणाले.

हे वाक्य माझ्या फार ओळखीचं होतं.

मी दार उघडून तिला आत बोलावलं आणि हातात खडू दिला. "सरांना सहावीची बस काढून दाखव."

तिने काढली. तुटक रेघेची, घाबरलेली बस. परीक्षक पुढे झाले. "तिसरीची?" तिने खडू दाबला. बस फुगली, चाकं बसच्या खाली न राहता शेजारी आली. "बालवाडी?" ते विचारत राहिले, ती काढत राहिली. पाच मिनिटांनी फळ्यावर डेपो झाला होता आणि त्यांच्या चहावर साय धरली होती. मग ते त्या सोळा पायऱ्यांचा कागद घेऊन फळ्याजवळ गेले. फळ्याकडे बघत, कागदाकडे बघत, एक डोळा बारीक करत बराच वेळ उभे राहिले.

"याच्यात आपली रेघ एकही नाही?"

"नाही सर."

"खळगासुद्धा?"

"मला तुटलेली पायरी माहीतच नव्हती."

त्यांनी तिला पास केलं. टाचण सोडलं आणि मूल वर्गाबाहेर पाठवलं म्हणून गुण मात्र सढळ हाताने कापले, त्यावर मी भांडले, आणि त्यांनी आणखी एकही वाढवला नाही. जाताना म्हणाले, "बाई, आपल्या साडीला मागे खडू लागला आहे." पाठभर शेवटच्या बाकावर मीही दुसरं डस्टर मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि उठून उभी राहिले तेव्हा ते कधी पाठीमागे नेलं, ते मलाच कळलं नव्हतं.

जूनपासून ती त्या शाळेत आहे. सासूबाईंना गुडघे परत मिळालेले नाहीत, पण पोस्ट लागल्यामुळे त्या तक्रार अभिमानाने करतात.

त्या मार्चच्या संध्याकाळी मी परळहून चालतच घरी आले. एकदा कबूल करायला तोंड उघडलं की ते चटकन मिटत नाही. आई कॉटवर बसून भाजी निवडत होती. मी चपला काढल्या आणि फ्रेमखाली उभी राहून सांगून टाकलं की आये, यातला तांब्या माझा नाही. मास्तरांनी काढला होता.

आईने मान वर केली नाही.

"माका म्हायत आसा."

"काय माहीत आहे?"

"तांब्यो तुजो नाय तां. घरात आणलंस तेव्हाच कळलां. तुजी रेघ माका कळना नाय? चुलीकडे भुयेर कोळशान सगळां काळां करून ठेवलेलंस तू."

चाळीस वर्षं. "मग पाहुण्यांना काय दाखवत होतीस इतकी वर्षं?"

"कांदे," आई म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात शेवटच्या बाकावरच्या ढ मुलाकडे बघते. "बोट खंय ठेवतंय मी? कांदे तुजे आसत. मदलो जरा वाकडो झालो हा. पण तुजो."

मी फ्रेमकडे पाहिलं. काचेवर खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग होता, मधल्या कांद्यावर. दिवाळी लांब होती. मी तो तसाच राहू दिला.